स्फोटापासून इमारती आणि माणसे कशी वाचतात?

अंथुर्णे (ता. इंदापूर) : नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील अंथुर्णे आणि आसपासच्या गावांना स्फोटाचा आवाज अपरिचित नाही. विहिरीचे काम मुरूम ओलांडून काळ्या पाषाणापर्यंत पोचले, की सुरुंगाशिवाय पुढे सरकता येत नाही. खडीच्या खाणीतही तेच. ज्या साखर कारखान्यांवर इंदापूर आणि बारामती तालुक्यांचे अर्थकारण उभे आहे, तेथे साखरेची धूळ, मद्यार्काची वाफ आणि उच्च दाबाचे बॉयलर एकाच आवारात नांदतात. घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचले आहेत. स्फोट म्हटला, की युद्ध किंवा घातपात डोळ्यांसमोर येतो. परंतु महाराष्ट्रातील अलीकडच्या वर्षांतील बरेचसे मोठे स्फोट कारखान्यांत आणि कोठारांत, नेहमीचे काम चालू असताना झालेले आहेत.

अशा स्फोटापासून इमारत आणि तिच्यातील माणसे यांचे रक्षण करण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. भारतीय मानक संस्थेने जमिनीवरील स्फोटांना तोंड देणाऱ्या बांधकामांसाठी १९६८ मध्येच ‘आयएस ४९९१’ हे मानक प्रसिद्ध केले. पुणे परिसरात तर या विषयाशी संबंधित संस्थांची दाटी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तेथीलच उच्च स्फोटक कारखाना १९४० चा. पाषाणजवळ संरक्षण संशोधन संस्थेची उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा, दिघीला लष्करी अभियांत्रिकी उपकरणांवर काम करणारी प्रयोगशाळा आणि दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मात्र या शास्त्राचे साधे नियम त्या कुंपणांबाहेर फारसे आलेले नाहीत.

शरीर टिकते, घर पडते

स्फोट म्हणजे क्षणार्धात तयार झालेला अतितप्त वायू. टीएनटीसारख्या स्फोटकात ही प्रक्रिया सेकंदाला सुमारे ६ हजार ९०० मीटर वेगाने पुढे सरकते. हा वायू भोवतालच्या हवेला इतक्या जोराने ढकलतो, की हवेची एक दाट भिंत तयार होऊन चहूकडे धावते. तिला स्फोटलहर म्हणतात. लहर पोचताच त्या ठिकाणचा दाब एकदम चढतो आणि काही हजारांश सेकंदांत उतरतो. त्यानंतर काही काळ दाब नेहमीपेक्षाही खाली जातो व ओढ निर्माण होते. म्हणूनच स्फोटानंतर काही खिडक्यांच्या काचा खोलीत, तर काहींच्या रस्त्यावर पडलेल्या आढळतात. लहर भिंतीवर समोरून आदळली, तर परावर्तनामुळे तेथील दाब किमान दुप्पट होतो. स्फोट जवळचा असेल, तर तो आठपटीपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातो.

आपल्याभोवती वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. त्याच्यावर केवळ ५ किलोपास्कलची भर पडली, तरी साध्या खिडक्यांच्या काचा सर्रास फुटतात. सुमारे ७ किलोपास्कलला साध्या घरांची इतकी मोडतोड होते, की ती राहण्यायोग्य उरत नाहीत. ही भर किरकोळ वाटेल. पण १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच दरवाजाच्या बाबतीत ती सुमारे १ हजार ४०० किलो वजन एकदम येऊन टेकल्यासारखी असते. मानवी शरीराचे गणित निराळे आहे. कानाचे पडदे फाटण्यास साधारण ३५ किलोपास्कलपासून सुरुवात होते आणि फुफ्फुसांना इजा होण्यासाठी त्याच्या कितीतरी पट दाब लागतो.

याचा अर्थ असा, की स्फोटाच्या अगदी जवळचा भाग सोडला, तर माणसाचे शरीर त्याच्या भोवतीच्या भिंतीपेक्षा अधिक सोसते. माणूस दगावतो तो बहुधा कोसळलेल्या छताखाली, ढासळलेल्या भिंतीखाली, उडालेल्या काचांनी किंवा दगड-लोखंडाच्या तुकड्यांनी. स्फोटरोधक बांधणीचे सारे शास्त्र या एका निरीक्षणावर उभे आहे.

मराठवाड्याने याचे दुसरे रूप ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात पाहिले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत यांनीच झोपेतल्या माणसांचा घात केला. भूकंपात जमीन हलते, स्फोटात हवा ढकलते. पण जड, सुटे आणि एकमेकांना न बांधलेले घर दोन्ही वेळी सारखेच वैरी ठरते.

अंतराचे गणित

संरक्षणाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे अंतर. स्फोटलहर जसजशी पसरते, तसतसा तिचा दाब झपाट्याने घटतो. अंतर आणि स्फोटकाचे वजन यांचे नाते घनमुळाचे आहे. स्फोटक आठपट वाढले, तर तेवढाच परिणाम दुप्पट अंतरावर जाणवतो. स्फोटक दुप्पट झाले, तर अंतर केवळ सव्वापटीच्या आसपास वाढवावे लागते. उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या साठवणूक नियमांत वस्तीपासूनचे अंतर काढण्याचे एक सूत्र आहे : किलोग्रॅममधील वजनाचे घनमूळ काढून त्याला २२.२ ने गुणायचे. ८ हजार किलोंचे घनमूळ २०, म्हणून अंतर ४४४ मीटर. ६४ हजार किलोंचे घनमूळ ४०, म्हणून ८८८ मीटर. वर सांगितलेला ५ किलोपास्कलचा दाब साधारण याच अंतरावर मिळतो. म्हणजे नियमाप्रमाणे ‘सुरक्षित’ असलेल्या अंतरावरही काचा फुटणारच. घर पडू नये, एवढीच त्याची हमी असते. ही बारीक गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

भारतात स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे आणि सध्याची नियमावली २००८ ची. परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. कोठारापासून वस्ती, रस्ता, रेल्वे आणि दुसरे कोठार किती दूर असावे, याची कोष्टके नियमांतच दिलेली आहेत.

अंतर न राखल्यास काय होते, याची नोंद मुंबई बंदरात आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत आले. त्याच्या पोटात सुमारे १ हजार ४०० टन स्फोटके होती आणि कराचीत त्यांच्या जोडीला कापसाच्या हजारो गाठी चढवण्यात आल्या होत्या. १४ एप्रिलच्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत कापसाने पेट घेतला. स्फोटके कोणत्या कप्प्यात आहेत हे ठाऊक असूनही सुमारे दोन तास जहाज धक्क्यालाच राहिले; ते बुडवण्याचा किंवा बाहेर ओढून नेण्याचा निर्णय झाला नाही. गोदीही रिकामी करण्यात आली नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याचा धक्का नोंदला गेला. मृतांचे अंदाज ८०० पासून १ हजार ३०० पर्यंत आहेत. आग विझवताना अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

जहाजातील सोन्याच्या विटांच्या कथा मुंबईत आजही रंगवून सांगितल्या जातात. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोलाचे आहेत ते मधले दोन तास. पेटणारा माल आणि स्फोटणारा माल एकत्र ठेवू नये, आणि स्फोटकापर्यंत आग पोचणार हे दिसताच माणसे दूर न्यावीत, हे दोन्ही नियम तेव्हाही माहीत होते.

बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी याच चुकीची पुनरावृत्ती झाली. तेथील गोदामात २ हजार ७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे पडून होते. दोनशेहून अधिक माणसे गेली. बंदरातील धान्याचे प्रचंड काँक्रीट कोठार मात्र स्फोटाला आडवे उभे राहिले आणि त्याच्या मागच्या बाजूच्या शहराला त्याने काही प्रमाणात आडोसा दिला. कोठार बांधणाऱ्यांनी हा उपयोग योजला नव्हता. जडपणा हेच त्याचे बळ ठरले.

रेड झोनची कोंडी

अंतराचा नियम कागदावर सोपा आणि जमिनीवर कठीण असतो. त्याचे पुणे जिल्ह्यातील उदाहरण म्हणजे देहूरोड. तेथील लष्करी दारूगोळा भांडाराभोवती २ हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १ हजार ८२९ मीटरपर्यंत, बांधकामास मनाई आहे. ही मनाई १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली येते. बोलीभाषेत हा पट्टा ‘रेड झोन’ म्हणून ओळखला जातो. पिंपरी-चिंचवड वाढत गेले तशी निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे या भागांतील वस्ती या पट्ट्यात शिरली. कामगारांनी गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर घरे बांधली. आता त्यांना बांधकामाची परवानगी मिळत नाही, बँकेचे कर्ज मिळत नाही, घर विकायचे तर योग्य भाव येत नाही. हद्द कमी करावी, ही मागणी दर निवडणुकीत पुढे येते.

रहिवाशांची अडचण खरी आहे. परंतु हद्दीचा आकडा हा काही केवळ शासकीय हट्ट नव्हे. तो साठ्याच्या वजनातून निघतो. हद्द कमी करायची, तर साठा तरी कमी करावा लागेल, तो लहान-लहान भागांत विभागावा लागेल किंवा मातीने झाकलेल्या कोठारांत हलवावा लागेल. नकाशावरची रेघ आत सरकवल्याने स्फोटलहर आत सरकत नाही. या चर्चेत अभियंत्यांचा आवाज फारच कमी ऐकू येतो, हे खेदाने नोंदवावे लागते.

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी मिळून किमान १६ जणांचा बळी गेला. आसपासच्या गावांतील लोकांना रातोरात हलवावे लागले. भांडार विस्तीर्ण होते, शेड एकमेकांपासून दूर होत्या आणि आग शेजारच्या शेडपर्यंत पसरली नाही. अन्यथा हानी कितीतरी मोठी झाली असती.

कोठार कसे बांधतात

स्फोटकांच्या कोठाराचे बांधकाम सर्वसामान्य इमारतीच्या अगदी उलट विचाराने होते. घर बांधताना ते कोणत्याही बाजूने पडू नये, असे पाहतात. कोठारात किंवा स्फोटके हाताळणाऱ्या शेडमध्ये ते कोणत्या बाजूने उडावे, हे आधीच ठरवलेले असते. तीन भिंती जाड काँक्रीटच्या असतात. चौथी भिंत किंवा छत मुद्दाम हलके ठेवतात. स्फोट झालाच, तर दाबाला बाहेर पडण्यास वाट मिळते आणि शेजारच्या खोलीतील माणसे व माल वाचतात. हलकी बाजू जिकडे असते, तिकडे रस्ता किंवा दुसरी शेड येऊ देत नाहीत.

दोन शेडमध्ये मातीचा उंच बांध घालतात. हा बांध स्फोटलहर फारशी अडवत नाही, कारण लहर त्याच्यावरून वळून पलीकडे उतरते. त्याचे खरे काम म्हणजे वेगाने आडवे उडणारे तुकडे अडवणे. एका शेडचे तुकडे दुसरीत घुसून तेथील माल पेटला, तर स्फोटांची साखळी सुरू होते. याहून भक्कम प्रकार म्हणजे कमानीच्या आकाराचे, वरून आणि तिन्ही बाजूंनी मातीने झाकलेले कोठार. त्याचे तोंड एकाच बाजूला असते.

बाकीचे नियम किरकोळ वाटतात, पण प्रत्येकामागे कोणाचा तरी जीव गेलेला असतो. एका खोलीत किती किलो माल आणि किती माणसे, याची मर्यादा दारावरच लिहिलेली असते. कामगारांनी सुती कपडे घालायचे. नायलॉनच्या कपड्यांत स्थिर वीज साठते. ठिणगी पडू नये म्हणून अवजारे पितळेची किंवा तत्सम धातूची. इमारतीवर वीजवाहक. धोक्याचे मिश्रण, दाबणे किंवा कापणे हे काम भिंतीआडून, यंत्राने, दुरून करायचे.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी झालेल्या स्फोटाने हे सारे पुन्हा चर्चेत आले. स्फोटात इमारतीचे छत कोसळले आणि कामगार ढिगाऱ्याखाली अडकले. ८ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी नागपूरजवळ बाजारगाव येथील खासगी स्फोटक कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी ९ कामगार मृत्युमुखी पडले होते. त्यांत ६ महिला होत्या. नागपूरजवळच्याच धामणा येथील कारखान्यात १३ जून २०२४ रोजी झालेल्या स्फोटातही मृतांत महिलांची संख्या मोठी होती. वाती, टोप्या आणि सुरुंगाचे तोटे भरण्या-बांधण्याच्या हातकामावर ग्रामीण भागातील महिला मोठ्या संख्येने असतात. जेथे हातकाम आहे, तेथे माणूस स्फोटकापासून हातभर अंतरावर असतो आणि त्या अंतरावर कोणतीही भिंत उपयोगाची नाही. यंत्राने, दुरून काम करणे हाच तेथे उपाय आहे, आणि तो खर्चाचा आहे.

उंच इमारतींचा धडा

लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती. १६ मे १९६८ च्या पहाटे १८ व्या मजल्यावरील एका रहिवासी महिलेने चहासाठी शेगडी पेटवली आणि गळालेल्या गॅसचा स्फोट झाला. स्फोट मध्यम स्वरूपाचा होता. परंतु कोपऱ्यातील भार पेलणारी भिंत बाहेर ढकलली गेली, वरचे मजले निराधार होऊन खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचे मजलेही एकामागून एक कोसळत गेले. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत नाहीसा झाला. चार माणसे गेली. ज्या महिलेच्या स्वयंपाकघरात स्फोट झाला, ती मात्र वाचली.

तयार भिंती एकमेकींवर नुसत्या ठेवल्या होत्या, पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. या घटनेनंतर ब्रिटनने नियम बदलले. एक खांब किंवा एक भिंत गेली, तरी तिचा भार शेजारच्या तुळयांनी उचलला पाहिजे, हे तत्त्व तेथून जगभर पसरले. अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात १९ एप्रिल १९९५ रोजी मालमोटारीतील स्फोटाने नऊ मजली सरकारी इमारतीचे पुढचे मोजके खांब तुटले. वरचे अनेक खांब एकाच आडव्या मोठ्या तुळईवर उभे असल्याने इमारतीचा मोठा भाग खाली आला आणि १६८ जण दगावले. त्यांतील बहुसंख्य इमारत कोसळल्याने गेले.

मुंबईत १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. पहिला स्फोट दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या उत्तुंग इमारतीच्या तळघरात, वाहनतळावर झाला. मनुष्यहानी मोठी झाली. परंतु मनोरा उभा राहिला. तो पडला असता, तर मृतांचा आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतरच्या काळात महत्त्वाच्या इमारतींच्या तळघरांत वाहनांची तपासणी, फाटकापासून इमारतीपर्यंत मोकळी जागा आणि वाहने अडवणारे जमिनीत पक्के रोवलेले खांब ही व्यवस्था रूढ झाली. ही व्यवस्था पुन्हा अंतराच्याच नियमावर आधारलेली आहे. गाडी दहा मीटरऐवजी तीस मीटरवर थांबली, की इमारतीला सोसावा लागणारा दाब कितीतरी कमी होतो.

साध्या घरासाठी याचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. भूकंपासाठी जे करायचे, त्यातील बरेचसे येथेही कामी येते. खांब-तुळयांच्या सांध्यांत जवळ-जवळ कड्या (रिंगा) घातल्या, सळया पुरेशा लांब आत घेतल्या, भिंतींवर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला, तर घर तुटण्याऐवजी वाकते. काँक्रीटच्या इमारतींसाठी ‘आयएस १३९२०’ या मानकात हे तपशील दिलेले आहेत. बांधकामाच्या एकूण खर्चात त्यांची भर थोडी पडते. पण ते प्लॅस्टरखाली झाकले जात असल्याने तेथेच काटकसर केली जाते.

काच हा स्वतंत्र विषय आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी आसपासच्या निवासी इमारतींच्या काचांचा खच पाडला. २०१६ मध्ये मृतांची संख्या १२ होती, तर जखमी दोनशेच्या आसपास. जखमींत घरात किंवा रस्त्यावर असलेल्यांचाही भरणा होता. दोन काचांमध्ये चिवट पातळ थर असलेली काच तडकते, पण सुटत नाही. जुन्या खिडकीवर आतून पारदर्शक पापुद्रा चिकटवला, तरी बराच बचाव होतो. मात्र तो चौकटीत अडकवलेला हवा, अन्यथा अख्खी काचच खोलीत येऊन पडते. लांबवर मोठी आग किंवा पहिला स्फोट दिसला, की खिडकीशी जाऊन पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. प्रकाश आधी पोचतो आणि लहर काही सेकंदांनी. तोपर्यंत बघणारा काचेला नाक लावून उभा असतो.

विहीर, खाण आणि शेजारचे घर

इंदापूर-बारामतीच्या गावांत स्फोटाविषयीची नेहमीची तक्रार असते ती भिंतींना गेलेल्या तड्यांची. खाणवाला म्हणतो, तडे जुने आहेत. घरमालक म्हणतो, सुरुंगामुळे पडले. हा वाद तोंडी मिटत नाही, मोजून मिटतो. सुरुंगामुळे जमिनीतून जाणाऱ्या कंपनांचा वेग यंत्राने मोजता येतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार, खाणमालकाच्या मालकीची नसलेली घरे असतील, तर कंपनांची वारंवारता सेकंदाला आठपेक्षा कमी असताना हा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. वारंवारता ८ ते २५ असेल, तर मर्यादा १० आणि त्याहून अधिक असेल, तर १५ मिलिमीटर. ऐतिहासिक वास्तूंसाठी हेच आकडे अनुक्रमे २, ५ आणि १० आहेत. मंद कंपने अधिक घातक, कारण घराचा स्वतःचा डोलही मंदच असतो. काम सुरू होण्यापूर्वी आसपासच्या घरांच्या भिंतींची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

कंपने कमी करण्याची युक्ती जुनीच आहे. सर्व भोकांतील तोटे एकाच क्षणी न उडवता काही हजारांश सेकंदांच्या अंतराने उडवायचे. एका क्षणाला जितके कमी स्फोटक, तितका धक्का कमी. भोकाचे तोंड मुरमाने नीट ठासून बंद केले, तर स्फोटाची ताकद खडकात जाते. ठासणी अपुरी राहिली, तर दगड गावभर उडतात. वस्तीजवळ भोकांवर जाळी, वाळूची पोती किंवा जुने टायर टाकून उडणारे दगड रोखता येतात. न उडालेल्या भोकाच्या तळाशी पुन्हा पहार किंवा ड्रिल घालू नये, हा नियम मोडल्याने विहिरींवर माणसे गेली आहेत. स्फोटानंतर विहिरीत विषारी वायू साठून राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. विहिरीत मोकळी हवा खेळल्याशिवाय कोणी उतरू नये. हे काम परवानाधारकानेच करावयाचे असते, हे सांगणे नको.

साखर आणि स्फोट

शेवटचा धोका या भागात सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. भवानीनगरचा छत्रपती, बारामती तालुक्यातील माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूरचा कर्मयोगी हे कारखाने अंथुर्ण्याच्या पंचक्रोशीला ऊस आणि पैसा यांच्या हिशेबात ठाऊक आहेत. पोत्यातील साखर स्फोटक नसते. तीच साखर पिठासारखी बारीक होऊन बंदिस्त जागेत हवेत तरंगू लागली, की एका ठिणगीने तिचा स्फोट होतो.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी हेच घडले. साखरेच्या कोठारांखालून जाणारा वाहक पट्टा त्याआधी पत्र्यांनी बंदिस्त करण्यात आला होता. हेतू साखर स्वच्छ राहावी, हा होता. पण त्यामुळे आत धूळ साठू लागली. तापलेल्या बेअरिंगमुळे पहिला स्फोट झाला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. पहिला स्फोट लहान होता. त्याच्या धक्क्याने तुळयांवर, नळ्यांवर, जमिनीवर वर्षानुवर्षे बसलेली धूळ एकदम हवेत उडाली आणि तिचे स्फोट मजल्या-मजल्यावर होत गेले. १४ कामगार मृत्युमुखी पडले. काँक्रीटच्या जमिनी उचकटल्या, विटांच्या भिंती बाहेर पडल्या, जिने बंद झाले.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. धुळीचा एक मिलिमीटरहून पातळ थरही मोठ्या क्षेत्रावर पसरला असेल, तर तो धोकादायक मानतात. म्हणून उंचावरच्या तुळया आणि केबलच्या पन्हळी वेळच्या वेळी पुसाव्या लागतात. मात्र दाबाच्या हवेने धूळ उडवून साफसफाई करायची नाही, कारण धूळ खाली बसलेली असताना निरुपद्रवी असते आणि उडाली की स्फोटक होते. बंदिस्त पट्टे, उद्वाहक आणि कोठारे यांना ठरावीक दाबाला आपोआप उघडणारी हलकी झडप बसवतात. तिचे तोंड माणसांच्या वाटेकडे नव्हे, तर मोकळ्या जागेकडे ठेवतात. आसवनीत मद्यार्काच्या टाक्या मुख्य इमारतीपासून आणि एकमेकींपासून नियमाने ठरवलेल्या अंतरावर असतात, त्याचे कारणही हेच.

गळीत हंगामापूर्वी कारखान्यांत बॉयलरची तपासणी होते आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा व निरीक्षक आहेत. साखर भरण्याच्या विभागातील तुळयांवरील धूळ मोजण्यासाठी एक पट्टी आणि एक शिडी पुरते.